उजवा पीळ, डावा पीळ

बहुतेक घरांतील औषधांच्या डब्यात सर्दी-ॲलर्जीवरील गोळ्यांची दोन पाकिटे कधी ना कधी शेजारी शेजारी येतात. एकावर ‘सेटिरिझिन १० मिलिग्रॅम’ असे छापलेले असते, तर दुसऱ्यावर ‘लेव्होसेटिरिझिन ५ मिलिग्रॅम’. दोन्ही गोळ्यांचे काम एकच. मग एकीत दहा आणि दुसरीत पाच, हा हिशेब कसा जुळतो? औषध सौम्य केले, असा त्याचा अर्थ नाही. पहिल्या गोळीत दोन प्रकारचे रेणू सम प्रमाणात मिसळलेले असतात आणि ते परस्परांच्या आरशातील प्रतिमेसारखे असतात. अपेक्षित काम प्रामुख्याने त्यांपैकी एकच प्रकार करतो. दुसऱ्या गोळीत तेवढाच प्रकार निवडून घेतलेला असतो. ‘लेव्हो’ म्हणजे डावा.

येथे व्यापारी मनाला एक प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. दोन्ही प्रकारच्या रेणूंचे वजन सारखे, घटक सारखे, वितळण्याचा बिंदू सारखा, पाण्यात विरघळण्याचे प्रमाणही सारखे. तराजूला फरक कळत नाही, भट्टीला कळत नाही, चाळणीला तर नाहीच. असा माल पारखायचा कसा? डावा कोणता आणि उजवा कोणता, हे सांगणार कोण?

या प्रश्नाचे पहिले उत्तर प्रकाशाने दिले. ते उत्तर अधिक स्पष्ट व्हावे म्हणून गेल्या दोन दशकांत शास्त्रज्ञांनी सोन्याचे अतिसूक्ष्म पीळ घडविले. दोनशे वर्षांच्या या वाटचालीत साखर आहे, चिंच आहे, ताग आहे आणि स्वस्तिकाची आकृतीही आहे.

हाताचा धर्म

उजव्या हाताचा पंजा आरशासमोर धरला, तर आरशात डावा पंजा दिसतो. बोटे तीच, त्यांची लांबी तीच, अंतरेही तीच. तरीही उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात नीट बसत नाही. जी वस्तू आपल्या आरशातील प्रतिमेशी कशीही फिरवून तंतोतंत जुळत नाही, तिला विज्ञानात ‘कायरल’ म्हणतात. ग्रीक भाषेतील ‘हात’ या अर्थाच्या शब्दावरून लॉर्ड केल्व्हिन यांनी १८९० च्या दशकात ही संज्ञा रूढ केली. चेंडू, वाटी, साधी पेटी या वस्तू कायरल नाहीत. पायातील जोडा, पीळ दिलेला दोर, मळसूत्र, शंख या वस्तू कायरल आहेत.

दक्षिणावर्ती शंखाचे मोल सर्वश्रुत आहे. नेहमीच्या शंखाच्या उलट पीळ असलेला तो विरळा शंख होय. गंमत अशी की, भारतीय परंपरा ज्याला दक्षिणावर्ती म्हणते, त्याला प्राणिशास्त्रज्ञ डाव्या पिळाचा मानतात. शंखाचा पीळ तोच असतो, केवळ तो धरण्याची रीत वेगळी. शंखाचे टोक वर धरले की खाली, यावर त्याचे तोंड उजवीकडे येणार की डावीकडे, हे ठरते. प्रकाशाच्या पिळाबाबतही असाच संकेतभेद आहे. प्रकाश डोळ्याकडे येताना पाहायचा की त्याच्या पाठीमागून, यावर एका शास्त्रशाखेचा ‘उजवा’ दुसऱ्या शाखेचा ‘डावा’ होतो. नावे बदलली तरी दोन प्रकार परस्परांविरुद्ध आहेत, ही वस्तुस्थिती बदलत नाही.

पीळ असलेला प्रकाश

दोराचे एक टोक खिळ्याला बांधून दुसरे टोक वरखाली हलविले, तर दोरावरून उभी लाट धावते. हात आडवा हलविला, तर लाट आडवी होते. हात गोल फिरविला, तर मळसूत्रासारखी गरगर फिरत पुढे जाणारी लाट तयार होते. प्रकाशही लहरच आहे. त्यात विद्युत क्षेत्र डोलत असते. सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रकाशात हे डोलणे सर्व दिशांनी सरमिसळ झालेले असते. विशिष्ट गाळणीतून प्रकाश गेला, म्हणजे एकाच प्रतलात डोलणारा भाग उरतो. त्याला सरळ ध्रुवित प्रकाश म्हणतात. विद्युत क्षेत्राची दिशा मळसूत्राप्रमाणे फिरत पुढे गेली, तर तो वर्तुळ-ध्रुवित प्रकाश होय. हे मळसूत्र उजव्या पिळाचे असू शकते, तसेच डाव्याही.

हा प्रकार प्रयोगशाळेपुरता नाही. अनेक चित्रपटगृहांत मिळणाऱ्या थ्रीडी चष्म्यांच्या दोन काचांपैकी एक केवळ उजव्या पिळाचा प्रकाश आत सोडते आणि दुसरी केवळ डाव्या. असा चष्मा घरी असल्यास वाचकांनी तो घालून, एक डोळा मिटून आरशात पाहावे. उघड्या डोळ्यासमोरची काच आरशात काळी दिसते आणि मिटलेला डोळा मात्र स्पष्ट दिसतो. याचे कारण असे, की आरशावर आपटून परतताना प्रकाशाचा पीळ उलटतो. उजव्या काचेतून बाहेर पडलेला प्रकाश डावा होऊन परत येतो आणि त्याच काचेतून त्याला आत येता येत नाही. आरसा हाताला जे करतो, तेच तो प्रकाशालाही करतो.

साखर आणि चिंच

फ्रान्सचे शास्त्रज्ञ फ्रान्स्वा अरागो यांना १८११ मध्ये आढळले, की स्फटिकमय गारेतून जाताना सरळ ध्रुवित प्रकाशाचे प्रतल वळते. १८१५ मध्ये झाँ-बाप्तिस्त बिओ यांनी हाच गुण टर्पेंटाइनसारख्या द्रवांतही दाखविला. साखरेच्या पाण्यातूनही प्रकाश वळूनच बाहेर पडतो. पाण्यात साखर जितकी अधिक, तितके वळण अधिक. या साध्या नियमावर एक मोठा व्यापार उभा राहिला. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आजही उसाच्या रसातील साखर ‘पोल’ या मापाने सांगितली जाते. ‘पोल’ हा शब्द ध्रुवणाच्याच इंग्रजी नावाचा संक्षेप आहे. कच्च्या साखरेच्या आंतरराष्ट्रीय सौद्यांतही ९६ अंश पोल हा भावाचा परिचित आधार आहे. महाराष्ट्रातील साखर व्यापाऱ्याच्या हाती येणाऱ्या उताऱ्याच्या आकड्यामागे अशा रीतीने प्रकाशाच्या वळणाचे माप दडलेले असते.

हे वळण का येते, याचा उलगडा ओग्युस्तँ फ्रेनेल यांनी १८२० च्या दशकात केला. त्यांचा विचार एका उपमेने समजून घेता येईल. एका गोल मैदानाभोवती दोन माणसे एकाच जागेवरून परस्परविरुद्ध दिशांनी सारख्या वेगाने निघाली, तर ती नेहमी ठरावीक जागीच भेटतात. त्यांपैकी एकाची चाल मंदावली, तर भेटीची जागा सरकते. सरळ ध्रुवित प्रकाश म्हणजे सम प्रमाणातील उजव्या आणि डाव्या प्रकाशाची बेरीज. साखरेच्या द्रावणात या दोघांची चाल किंचित वेगळी होते. म्हणून त्यांच्या भेटीची रेषा, अर्थात ध्रुवणाचे प्रतल, वळते. पुढे १८९५ मध्ये एमे कॉटन यांनी दाखविले, की काही रंगीत द्रावणे एका पिळाचा प्रकाश दुसऱ्यापेक्षा अधिक शोषतातही. चालीतील फरक आणि शोषणातील फरक, या दोन खुणांवर पुढील सारे शास्त्र उभे आहे.

रेणूंना हात असतात, याचा पुरावा मात्र १८४८ मध्ये मिळाला. चिंचेला आंबटपणा देणारे टार्टरिक आम्ल द्राक्षांच्या मद्यनिर्मितीतही मिळते. त्याचे एक रूप प्रकाश वळवीत असे, तर रासायनिक दृष्ट्या तसेच असलेले दुसरे रूप मुळीच वळवीत नसे. पंचविशीतील लुई पाश्चर यांनी या दुसऱ्या रूपाच्या क्षाराचे स्फटिक बारकाईने तपासले, तेव्हा त्यांत दोन आकार दिसले. ते एकमेकांच्या आरशातील प्रतिमा होते. त्यांनी ते स्फटिक हाताने वेगळे केले. एका ढिगाच्या द्रावणाने प्रकाश उजवीकडे वळविला, दुसऱ्याच्या द्रावणाने डावीकडे. मिश्रणात दोन्ही सम असल्याने जमा-खर्च शून्य होत होता! वयोवृद्ध बिओ यांनी हा दावा ऐकून घेतला, परंतु लगेच मान्य केला नाही. त्यांनी पाश्चर यांना बोलावून, स्वतः दिलेल्या द्रव्यांनी, स्वतःच्या देखत प्रयोग पुन्हा करावयास लावला आणि खात्री पटल्यावरच शाबासकी दिली. हे स्फटिक सुमारे २७ अंशांखालील तापमानातच असे वेगळे तयार होतात. पॅरिसचे थंड हवामान पाश्चर यांना अनुकूल ठरले.

तागाचे रेणू

यानंतरचे महत्त्वाचे पाऊल कोलकात्यात पडले. प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापन करणारे जगदीशचंद्र बोस विद्युतचुंबकीय लहरींवर संशोधन करीत होते. त्यांच्या लहरींची लांबी मिलिमीटर-सेंटिमीटरच्या घरातील होती. साखरेचा रेणू प्रकाश वळवितो, त्यामागे रेणूची पिळदार रचना असावी, हा तर्क त्यांना मोठ्या प्रमाणावर तपासायचा होता. रेणू डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यांनी बंगालमध्ये मुबलक मिळणारा ताग घेतला. तागाच्या जुड्यांना पीळ देऊन त्यांनी जणू मोठे ‘रेणू’ तयार केले. काही उजव्या पिळाचे, काही डाव्या.

उजव्या पिळाच्या जुड्या लहरींच्या वाटेत ठेवल्या असता ध्रुवणाची दिशा एका बाजूस वळली, डाव्या पिळाच्या ठेवल्या असता विरुद्ध बाजूस. दोन्ही सम संख्येने मिसळल्या, तेव्हा वळण नाहीसे झाले. पाश्चर यांनी स्फटिकांत पाहिलेला जमा-खर्च बोस यांनी तागात दाखविला. १८९८ मध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात हा प्रबंध प्रसिद्ध झाला. माणसाने मुद्दाम घडविलेल्या कायरल रचनेने लहरीचे ध्रुवण वळविल्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण म्हणून आज जगभर उद्धृत केले जाते. पुढे फिनलंडमधील कार्ल लिंडमन यांनी तांब्याच्या तारेची लहान वेटोळी कापसात गुंडाळून त्यांनी खोके भरले आणि असाच परिणाम दाखविला.

बोस यांच्या प्रयोगात एक सूत्र आहे. तागातील द्रव्य स्वतः प्रकाश वळविणारे असण्याची गरज नव्हती. आवश्यक होता तो पीळ, आणि तो पीळ लहरीच्या लांबीशी मेळ खाईल अशा मापाचा असणे. लहर काही सेंटिमीटरची, तर जुडीही त्याच मापाची. हे सूत्र दृश्य प्रकाशाला लावायचे, तर जुडी किती लहान हवी? दृश्य प्रकाशाची लहर सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीची असते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. तेवढा बारीक ताग सृष्टीत नाही आणि तो पिळणारा हातही नाही. म्हणून हा विचार पुढे नेण्यास शंभरहून अधिक वर्षे लागली.

मापांचा मेळ का हवा?

औषधाचा सामान्य रेणू जेमतेम एक नॅनोमीटरचा असतो. प्रकाशाच्या मळसूत्राची एक फेरी मात्र सुमारे पाचशे नॅनोमीटर अंतरात पूर्ण होते. एखाद्या मळसूत्री जिन्याची एक फेरी पाचशे फूट उंचीत पूर्ण होत असेल, तर त्यातील एका फुटावर उभ्या असलेल्या माणसाला वळण जाणवणार नाही. जिना सरळच आहे, असे त्याला वाटेल. रेणूचीही तीच स्थिती आहे. प्रकाश उजवा आहे की डावा, हे त्याला जवळजवळ कळतच नाही. म्हणून बहुतेक कायरल रेणू उजव्या आणि डाव्या प्रकाशाच्या शोषणात फार तर हजारात एखाद्या भागाचा फरक दाखवितात, अनेकदा त्याहूनही कमी. साखरेप्रमाणे मालाची पोती उपलब्ध असतील, तर हा अल्प फरकही मोजता येतो. रक्ताच्या थेंबातील किंवा नव्या औषधाच्या कणमात्र नमुन्यातील रेणूंचा हात ओळखायचा असेल, तर तो फरक हाती लागत नाही.

अशा वेळी मध्यस्थ लागतो. मोठ्या पेढीचा आणि लहान शेतकऱ्याचा व्यवहार अडत्या जुळवून देतो, त्याप्रमाणे प्रकाशाच्या मोठ्या मापाची आणि रेणूच्या लहान मापाची गाठ घालून देणारी रचना आवश्यक असते. ते काम सोने उत्तम करते.

सोनेच का?

सोन्यात असंख्य इलेक्ट्रॉन मोकळे असतात. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणावर प्रकाश पडला, म्हणजे हे इलेक्ट्रॉन एकत्रितपणे डोलू लागतात. विशिष्ट रंगाच्या प्रकाशाला हे डोलणे इतके अनुकूल ठरते, की तो प्रकाश कणाभोवती एकवटतो. सोन्याचे सूक्ष्म कण पाण्यात पसरले असता पाणी पिवळे न दिसता लाल दिसते, त्याचे कारण हेच. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये या लाल सोन्याचा अभ्यास मांडला होता.

आता हाच सोन्याचा कण वेटोळ्याच्या आकाराचा असेल, तर इलेक्ट्रॉनांना सरळ डोलता येत नाही. त्यांना वेटोळ्याच्या वाटेने फिरावे लागते. पुढे जाणे आणि गोल फिरणे ही दोन्ही कामे एकदमच होतात. पुढे जाण्यामुळे विद्युत परिणाम होतो, गोल फिरण्यामुळे चुंबकीय. समान पिळाचा प्रकाश आला, तर हे दोन्ही परिणाम एकमेकांना बळ देतात. विरुद्ध पिळाचा आला, तर ते एकमेकांना छेद देतात. म्हणून एका पिळाच्या प्रकाशाला ते वेटोळे अडविते आणि दुसऱ्याला बहुतांशी जाऊ देते. उजव्या मळसूत्रावर उजव्या आट्यांचीच चाकी बसावी, तसा हा व्यवहार आहे.

हे केवळ कागदावर राहिलेले नाही. जर्मनीतील कार्ल्सरूह येथील संशोधकांनी २००९ मध्ये सोन्याच्या वेटोळ्यांची जणू बागच उभारली. त्यांनी लेसरच्या साहाय्याने विशिष्ट रसायनाच्या थरात पिळदार पोकळ्या कोरल्या आणि त्यांत विद्युत प्रक्रियेने सोने भरले. अवरक्त प्रकाशाच्या विस्तृत पट्ट्यात ही वेटोळी एका पिळाचा प्रकाश रोखीत आणि दुसऱ्याला वाट देत. २०१२ मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी वेगळा मार्ग घेतला. त्यांनी डीएनएच्या धाग्यांची घडी घालून सूक्ष्म दांडी बनविली आणि तिच्याभोवती १० नॅनोमीटरचे नऊ सुवर्णकण जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे बसविले. पायऱ्या उजव्या फेऱ्याने बसविल्या की डाव्या, त्यानुसार प्रकाशावरील परिणाम बरोबर उलटला.

त्याहूनही नवल वाटावे असा प्रयोग २०१८ मध्ये दक्षिण कोरियातील सोल राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यांनी द्रावणात सोन्याचे कण वाढविताना सिस्टीन हे अमिनो आम्ल अल्प प्रमाणात मिसळले. शरीरातील प्रथिनांचा घटक असलेला हा लहानसा रेणू कायरल असतो. घनासारख्या वाढणाऱ्या कणांच्या कडा त्याच्या सान्निध्यात एका बाजूस मुरडल्या गेल्या. सिस्टीनचे आरशातील रूप घातले, तेव्हा कडा विरुद्ध बाजूस मुरडल्या. जेमतेम नॅनोमीटरच्या रेणूने आपल्या हाताचा ठसा शे-दीडशे नॅनोमीटरच्या सुवर्णकणावर उमटविला! हे काम पुढे नेताना संशोधकांनी घडविलेल्या कणांनी उजव्या-डाव्या प्रकाशातील फरकाचा निर्देशांक ०.२ पर्यंत नेला. साध्या रेणूंच्या तुलनेत तो शेकडो पटींनी मोठा आहे.

काचेवरचा स्वस्तिक

वेटोळी घडविणे अवघड आणि खर्चिक असते. म्हणून अनेक प्रयोगशाळांनी सपाट आकृतीचा मार्ग धरला आणि निवड केली ती स्वस्तिकासारख्या चार वाकलेल्या बाहूंच्या आकृतीची. व्यापारी वहीच्या पहिल्या पानावर शुभचिन्ह म्हणून काढली जाणारी ही आकृती त्यांनी निवडली, ती भूमितीच्या कारणाने. तिला फिरण्याची दिशा आहे. शिवाय ती पाव फेरी फिरविली तरी जशीच्या तशी राहते, त्यामुळे वर्तुळ-ध्रुवित प्रकाशाला तिची कोणतीही बाजू वेगळी वाटत नाही.

येथे एक बारकावा आहे. दुकानाच्या काचेच्या दारावर काढलेला स्वस्तिक आतून पाहिला, की उलटा दिसतो. मळसूत्राचे तसे होत नाही, ते कोणत्याही टोकाकडून पाहिले तरी उजवे ते उजवेच राहते. म्हणजे निव्वळ सपाट आकृती खऱ्या अर्थाने कायरल नसते. तिला जाडी असावी लागते, आणि तिच्या एका बाजूस काच व दुसऱ्या बाजूस हवा किंवा द्रव असा भेद असावा लागतो. तेव्हाच तिच्या पुढल्या आणि मागल्या बाजू वेगळ्या ठरतात आणि तिचा हात पक्का होतो.

ब्रिटनमधील संशोधकांनी २०१० मध्ये काचेवर सुमारे ४०० नॅनोमीटर लांबीच्या आणि १०० नॅनोमीटर जाडीच्या अशा सुवर्ण आकृत्यांच्या रांगा उभारल्या. काही उजव्या, काही डाव्या. त्यांवर प्रथिनांचा अतिसूक्ष्म थर बसविला, तेव्हा दोन्ही रांगांचा प्रकाशाशी असलेला व्यवहार वेगवेगळ्या प्रमाणात बदलला. या मार्गाने पिकोग्रॅम मात्रेतील द्रव्य ओळखता आले. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. काही प्रथिनांच्या बाबतीत आढळलेला फरक नेहमीच्या ध्रुवणमापनातील फरकापेक्षा दहा लाख पटींपर्यंत मोठा होता.

उजव्या आणि डाव्या, अशा दोन्ही रांगा कशासाठी? सोन्याची आकृती स्वतःच इतकी प्रबळ कायरल असते, की तिच्या संकेतात रेणूचा क्षीण संकेत बुडून जातो. जुन्या तराजूच्या दोन पारड्यांत मुळातच फरक असे. तो पासंग लावून काढल्याशिवाय वजन विश्वसनीय मानले जात नसे. येथेही तसेच आहे. दोन विरुद्ध आकृत्यांवर एकच नमुना मोजला, म्हणजे आकृत्यांचे स्वतःचे योगदान परस्परांत वजा होते आणि नमुन्याचा हात तेवढा शिल्लक राहतो. हा पासंग अचूक लावणे, हेच या शास्त्रातील आजचे कठीण काम आहे. दोन आकृत्या घडविताना झालेली किंचित चूकही रेणूचा गुण म्हणून मोजली जाण्याची भीती असते.

चूक झाली तर

हा सारा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर सजीव सृष्टीत आहे. शरीरातील प्रथिने जवळजवळ सर्वस्वी एकाच हाताच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यामुळे शरीर हे एकाच हाताच्या मोज्यांचे कोठार आहे. नाकालाही हा भेद कळतो. कार्व्होन नावाच्या सुगंधी द्रव्याचा एक हात बाळंतशेपेत आढळतो, तर त्याचाच दुसरा हात स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्यात. रेणूचे सूत्र एक, परंतु वास दोन. मसाल्याच्या व्यापाऱ्याला तराजूने न कळणारा फरक नाकाने कळतो, कारण नाकातील ग्राहक प्रथिने स्वतः कायरल आहेत.

औषधाच्या बाबतीत हा भेद जीवनमरणाचा होऊ शकतो. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आले. गर्भवती स्त्रियांना मळमळीवर ते दिले जाऊ लागले. १९६१ च्या नोव्हेंबरात तेथे ते मागे घेतले जाईपर्यंत अनेक देशांत मिळून दहा हजारांहून अधिक बालके हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली, असा अंदाज आहे. या औषधात दोन्ही हातांचे रेणू होते आणि गर्भावरील अपाय प्रामुख्याने एका हाताशी जोडला जातो. तेवढ्यावरून, निर्दोष हात वेगळा करून दिला असता तर अनर्थ टळला असता, असा निष्कर्ष काढला जातो. तो बरोबर नाही. थॅलिडोमाइडचे दोन्ही हात शरीरात गेल्यावर एकमेकांत बदलतात. शुद्ध उजवा दिला, तरी काही तासांत डावा तयार होतो. म्हणून कारखान्यातून बाहेर पडताना केलेली पारख पुरेशी नसते. रेणूचा हात पुढे टिकतो की पालटतो, हेही पाहावे लागते. १९९२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा औषधांच्या दोन्ही हातांचा स्वतंत्र विचार करण्याविषयी धोरण जाहीर केले. तेव्हापासून हा विषय औषधनिर्मितीच्या केंद्रस्थानी आहे.

अल्प मात्रेत, कमी वेळात आणि पुनःपुन्हा रेणूचा हात तपासता यावा, यासाठी सोन्याच्या पिळदार रचनांकडे आशेने पाहिले जाते. प्रयोगशाळेतील यश रोजच्या वापरात उतरायचे, तर या रचना एकसारख्या आणि स्वस्त घडाव्या लागतील. तो पल्ला अद्याप बाकी आहे. निसर्गाने मात्र तो केव्हाच गाठला आहे. अमेरिकेतील काही रत्नकांती भुंगेऱ्यांच्या कवचात सूक्ष्म तंतूंचे थर पिळाने रचलेले असतात आणि त्यामुळे त्यांच्या पाठीवरून डाव्या पिळाचाच प्रकाश परावर्तित होतो. सोनेरी भुंगेऱ्याच्या कवचाचा हा गुण अल्बर्ट मायकेलसन यांनी १९११ मध्ये नोंदविला. समुद्रातील एका जातीच्या मँटिस कोळंबीला तर असा प्रकाश डोळ्यांनी ओळखताही येतो, हे २००८ मध्ये दाखविले गेले.

औषधाच्या पाकिटावर ‘लेव्हो’, ‘डेक्स्ट्रो’, ‘एस’ किंवा ‘ईएस’ अशी अक्षरे आढळली, तर बहुधा त्यांचा अर्थ हाच, की आतील रेणूंचा एक हात निवडून घेतला आहे. अशा गोळीची मात्रा साध्या नावाच्या गोळीएवढी असतेच असे नाही. म्हणून घरात दोन्ही पाकिटे असतील, तर एकीऐवजी दुसरी मनाने घेऊ नये. डॉक्टरांनी लिहिलेले संपूर्ण नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा दुकानदाराकडून ताडून घ्यावा. व्यापारात मालाचे नाव सारखे असले, तरी प्रत वेगळी असू शकते. औषधाचेही तसेच आहे.